पाळी जाताना : काय सोसायचं, काय सांगायचं

(१८ ऑक्टोबर या जागतिक रजोनिवृत्ती दिनाच्या निमित्तानं आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

घरातल्या पुरुष मंडळींनो, विषय बायकांचा म्हणून उठून जाऊ नका, तो तुमच्याच घरातला आहे.

मी चौदा-पंधरा वर्षांची असताना आमची आई रात्री मध्येच उठून ओसरीवर जाऊन बसायची. पौषातली थंडी असली तरी पदरानं वारा घेत बसायची. दिवसा तिचं कशावरूनही बिनसायचं. भाजी खारट झाली असं कुणी म्हटलं तरी डोळ्यांत पाणी. आजी म्हणायची, 'हिचं डोकं फिरलंय.' वडील गप्प. आम्ही भावंडं तिच्यावर रुसलेली. पुढे मी स्त्रीरोगतज्ज्ञ झाले, आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी एका लग्नाच्या पंगतीत माझी कानशिलं अचानक तापली, छातीपासून वर वाफा आल्या आणि ब्लाउज घामानं भिजला. शेजारच्या बाई शाल पांघरून बसल्या होत्या. त्या क्षणी मला आईची ओसरी आठवली. आई तेव्हा हयात नव्हती. 'तुला काय होत होतं गं?' हे विचारायचं राहून गेलं. म्हणून आज हे सगळं मोकळेपणानं बोलणार आहे.

पाळी कायमची थांबणं म्हणजे रजोनिवृत्ती, मेनोपॉज. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं आम्ही म्हणतो. चार महिने आली नाही, पाचव्या महिन्यात आली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं. कुणाचं दोन-चार वर्षं आधी, कुणाचं पन्नाशीनंतर. पण चाळिशीच्या आत पाळी गेली, तर ते लवकर आहे. 'बरं झालं, सुटले' असं न म्हणता तपासून घ्यायला हवं. कारण हाडांचं आणि हृदयाचं संरक्षण तितकी वर्षं आधी संपतं.

कारण सरळ आहे. स्त्रीबीजांडातल्या बीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. तो संपत आला की इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं. ते उतरणही जिन्यासारखं एकेक पायरीनं होत नाही. आज वर, उद्या खाली. म्हणून पाळी थांबायच्या आधीची चार-पाच वर्षंच जास्त त्रासाची जातात. पाळी कधी वीस दिवसांत, कधी दोन महिन्यांनी. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं एक केंद्र असतं. इस्ट्रोजेन कमी झालं की ते हळवं होतं. जरासा उकाडा झाला तरी 'फार तापलं' असं समजून ते घाम सोडायला लावतं. वाफा येतात त्या अशा. एक-दोन ते पाच मिनिटं टिकतात आणि मग उलट थंडी वाजते. काहींना हा त्रास वर्षभरच होतो, पण सरासरी सात वर्षं तो राहू शकतो. तेव्हा 'होईल बरं चार महिन्यांत' या सांगण्यावर विसंबू नका.

याशिवाय झोप मोडते, सांधे दुखतात, छातीत धडधडतं, विसरायला होतं, चिडचिड होते. योनीमार्ग कोरडा पडतो, जवळीक दुखरी होते, लघवीला जळजळते, खोकताना थेंब गळतात. शेवटच्या तक्रारी बायका मला कधीच आधी सांगत नाहीत. गुडघ्यांपासून सुरुवात करतात आणि दाराशी गेल्यावर मागे वळून म्हणतात, 'आणखी एक होतं, डॉक्टर...' ते 'आणखी एक' हेच खरं दुखणं असतं.

आता घरच्या घरी काय करता येतं ते सांगते. सुती, सैल कपडे वापरा. झोपण्याच्या खोलीत वारा खेळता ठेवा, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा. कशानं वाफा येतात ते आठवडाभर कागदावर लिहा. कुणाला रात्रीचा चहा नडतो, कुणाला झणझणीत रस्सा, कुणाला ताणतणाव. वाफ येते आहे असं वाटलं की मिनिटाला पाच-सहा इतका संथ, खोल श्वास घ्यायला लागा. घाबरणं तरी कमी होतं. रोज अर्धा तास झपझप चाला, आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर लागेल असा व्यायाम करा. 'घरकाम काय कमी असतं?' असं मला रोज ऐकवतात. घरकामानं दमायला होतं हे खरं, पण त्यानं व्यायामाची जागा भरून निघत नाही. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो, ते दिवसातून तीनदा दहा-दहा वेळा आवळून सोडा. थेंब गळण्यावर हा बिनपैशाचा उपाय आहे, फक्त तीन महिने चिकाटी हवी.

पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं सर्वांत वेगानं झिजतात. या वयात दिवसाला साधारण १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. दूध, दही, ताक, तीळ, राजगिरा यांतून उरलेलं मिळवता येतं. गोळी घ्यायची की नाही ते तपासून ठरवावं. आणि घरातल्या सगळ्यांना दूध वाटून झाल्यावर उरलं तर आपण, ही सवय मोडा.

आता औषधांकडे वळू. पंचेचाळिशीनंतर वाफा आणि पाळीची अनियमितता असेल, तर निदानाला महागड्या हॉर्मोन तपासण्यांची सहसा गरज नसते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब मात्र बघावेत, कारण थायरॉइड बिघडला तरी असाच घाम येतो आणि अशीच धडधड होते. वाफांवर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे हॉर्मोनची औषधं. २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला आणि 'हॉर्मोननं कॅन्सर होतो' अशी भीती जगभर पसरली. त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, हे फारसं कुणी सांगितलं नाही. दोन्ही हॉर्मोन घेणाऱ्या गटात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला आठनं जास्त दिसलं. तो धोका खोटा नाही, पण तो किती, हे माहीत हवं. आजचं मत असं, की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, खूप त्रास असलेल्या निरोगी स्त्रीला या औषधाचा फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त असतो. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनही द्यावंच लागतं. स्तनाचा कर्करोग, रक्तात गुठळ्या, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, यकृताचा आजार यांपैकी काही झालं असेल, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर हे औषध देत नाहीत. अशा स्त्रियांना हॉर्मोन नसलेली औषधंही आहेत. नुसत्या कोरडेपणासाठी अगदी कमी मात्रेचं क्रीम पुरतं. मात्र मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणू नका, आणि 'हॉर्मोन संतुलित करणारं' म्हणून कुणी डबा विकला तर त्यात काय आहे ते आधी विचारा.

आता सर्वांत महत्त्वाचं, डॉक्टरकडे लगेच कधी जायचं.

काही वर्षांपूर्वी एक काकू सुनेबरोबर आल्या. वय एकोणसाठ. पाळी जाऊन नऊ वर्षं झालेली. सात महिन्यांपासून अधूनमधून डाग पडत होता. त्यांनी तो कुणालाही दिसू दिला नाही. म्हणाल्या, 'पाळी परत आली वाटलं. या वयात सांगायची लाज वाटली.' सुनेनं धुण्यात डाग पाहिला आणि हाताला धरून आणलं. सोनोग्राफी केली, अस्तराचा तुकडा तपासला. गर्भाशयाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, पुढे किरणोपचारही घ्यावे लागले. काकू आज बऱ्या आहेत. सात महिने आधी आल्या असत्या तर कदाचित एवढं सोसावं लागलं नसतं.

म्हणून हे पाठ करा : गेलेली पाळी परत येत नाही. बारा महिन्यांनंतर रक्ताचा एक थेंब, गुलाबी डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात तपासणी. घाबरू नका, अशा दहा स्त्रियांपैकी साधारण नऊ जणींना कर्करोग नसतो, दुसरंच किरकोळ कारण निघतं. पण दहावी कोण, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

दुसरं, पाळी जायच्या आधीही तासातासाला पॅड बदलावा लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, तर 'जाताना असंच होतं' म्हणून गप्प बसू नका. तिसरं, घामाबरोबर छातीत दुखलं, दम लागला, हात किंवा जबडा अवघडला, तर ती वाफ समजू नका. थेट दवाखाना गाठा. चौथं, घामाबरोबर ताप आणि वजन उतरणं, स्तनात गाठ, किंवा किरकोळ पडून हाड मोडणं. पाचवं, दोन आठवडे सलग उदास वाटणं, कशातच रस न उरणं. जीव नकोसा झाला तर एक दिवसही थांबू नका. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर रात्रीअपरात्रीही बोलता येतं.

आणखी एक. पाळीचा त्रास नको म्हणून 'पिशवी काढून टाका' असं सांगत पस्तिशी-अडतिशीच्या बायका माझ्याकडे येतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०० हून अधिक अशा शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारनंच सांगितलं होतं. गर्भाशयाबरोबर बीजांडंही काढली तर दुसऱ्या दिवसापासून रजोनिवृत्ती, तीही एकदम. काही वेळा शस्त्रक्रिया खरोखर लागते. पण गोळ्या किंवा हॉर्मोनची तांबी यांनी भागेल का, हे विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

आणि पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवा. 'आता काय होणार?' म्हणत बेचाळिसाव्या वर्षी दिवस राहिलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

शेवटी घरातल्या मंडळींना एक विनंती. तुमची आई, बायको, सासू रात्री उठून बाहेर जाऊन बसली, तर 'डोकं फिरलंय' म्हणू नका. तांब्याभर पाणी घेऊन शेजारी जाऊन बसा आणि विचारा, 'काय होतंय?' आम्ही भावंडांनी ते विचारलं नाही. तुम्ही विचारा.