नगराध्यक्षपदाची थेट निवडणूक (ब्रह्मपुरी)

ब्रह्मपुरी हे महाराष्ट्राच्या चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून तेथील कारभार नगरपरिषदेकडे आहे. नगरपरिषदेच्या प्रमुखास नगराध्यक्ष म्हणतात. चंद्रपूरसारख्या महानगरपालिकेत महापौराची निवड नगरसेवक करतात. नगरपरिषदेत मात्र सध्याच्या कायद्यानुसार संपूर्ण शहराचे मतदार नगराध्यक्षाला प्रत्यक्ष मतदानाने निवडतात. त्यामुळे पूर्वी नगरसेवकपदही न भूषविलेली व्यक्ती थेट या पदासाठी उभी राहू शकते.

पद्धतीचा इतिहास

महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमानुसार चालतो. थेट निवडणुकीचा पहिला प्रयोग १९७४ मध्ये झाला. २००१ मध्ये ही पद्धत पुन्हा आली आणि २००६ मध्ये बंद झाली. २०१६ मध्ये ती परत लागू झाली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा स्वीकारली गेली. ब्रह्मपुरीत डिसेंबर २०१८ मधील थेट निवडणुकीत काँग्रेसच्या रिता उईके नगराध्यक्षपदी निवडून आल्या.

उमेदवाराची पार्श्वभूमी

नगराध्यक्षपद अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नागरिकांचा मागासवर्ग व महिला यांच्यासाठी आळीपाळीने राखीव असते. हे आरक्षण राज्यस्तरावर सोडतीद्वारे ठरते. सोडतीमुळे प्रस्थापित नेत्यांची संधी हुकते आणि अनेकदा नव्या उमेदवारांना वाट मिळते. राखीव पदासाठी जात वैधता प्रमाणपत्र आवश्यक असते. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक झाल्यास व्यक्ती अपात्र ठरते.

उमेदवाराला शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि फौजदारी प्रकरणे यांची माहिती शपथपत्राद्वारे द्यावी लागते. प्रथमच उभ्या राहणाऱ्या उमेदवाराच्या सार्वजनिक कामाची नोंद मतदारांसमोर नसते. त्यामुळे त्याच्याबाबत शपथपत्राचे महत्त्व अधिक असते.

प्रचारातील भूमिका आणि अधिकार

पाणीपुरवठा, गटारे, शहरातील रस्ते, पथदिवे, घनकचरा, बाजार, स्मशानभूमी आणि मालमत्ता कर हे विषय नगरपरिषदेच्या कक्षेत येतात. त्यांविषयीच्या आश्वासनांचा जाब पुढे नगराध्यक्षाला विचारता येतो.

परिसरातील अनेक ज्वलंत प्रश्न मात्र या कक्षेबाहेरचे आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर स्वतंत्र ब्रह्मपुरी जिल्ह्याची मागणीही होत राहिली. तिचा निर्णय राज्य शासनाचा आहे. तालुक्यातील मानव-वन्यजीव संघर्षाची प्रत्यक्ष हाताळणी ब्रह्मपुरी वनविभाग करतो. धानाची शासकीय खरेदी, गोसीखुर्द प्रकल्पाचे सिंचन आणि रेल्वे हेही नगरपरिषदेचे विषय नाहीत. अशा प्रश्नांवर नगराध्यक्ष ठराव मांडू शकतो व पाठपुरावा करू शकतो. निर्णय देऊ शकत नाही.

निवडून आल्यानंतर

नगराध्यक्ष सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवितो. प्रशासनाची जबाबदारी राज्य शासनाने नेमलेल्या मुख्याधिकाऱ्याकडे असते, तर उपाध्यक्षाची निवड नगरसेवक करतात. मतदार नगराध्यक्षासाठी आणि प्रभागातील नगरसेवकांसाठी स्वतंत्र मते देतात. त्यामुळे नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्या पक्षाचे, अशी स्थिती उद्भवू शकते. अंदाजपत्रक व महत्त्वाचे ठराव सभागृहातच मंजूर होतात.

थेट निवडणुकीचे समर्थक असे मानतात, की तीमुळे नगरसेवकांची फोडाफोडी कमी होते आणि प्रमुख थेट जनतेला उत्तरदायी राहतो. विरोधकांच्या मते नगराध्यक्ष व सभागृह यांच्यातील संघर्षात शहराची कामे रखडतात. पक्षाचे पाठबळ नसलेल्या नवख्या नगराध्यक्षाला ही अडचण अधिक जाणवते: पद मतदारांच्या कौलाने मिळते, परंतु ठराव मंजूर होण्यासाठी नगरसेवकांचे सहकार्य मिळवावे लागते.