संगीत नाटकाचा प्रयोग : चाल आणि पडदा

जुन्या बाडांतून लावण्या आणि जुन्या दप्तरांतून संगीत नाटकांचीं छापील पुस्तकें संग्राहकांच्या हातीं येतात. त्यांतील शब्दांची शुद्धाशुद्धता आपण कसोशीनें तपासतों. परंतु ते शब्द ज्या प्रयोगासाठीं रचले गेले, त्यास आकार देणाऱ्या चाल आणि रंगभूमीची मांडणी या दोन अंगांकडे आपलें लक्ष क्वचित् जातें. या दोहोंचा परस्परसंबंध दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभ सोलापुरापासून करणें सोयीचें. पेशवाईच्या उत्तरकाळांतील शाहीर राम जोशी येथलाच. त्याच्या काळच्या तमाशास रंगविलेला पडदा नव्हता. ढोलकी, तुणतुणें व झांज एवढ्या साहित्यावर मोकळ्या जागीं खेळ उभा राही. स्थळ, काळ व पात्र यांची कल्पना कवनानेंच द्यावयाची असे. मराठी व कानडी यांच्या सीमेवरील या गांवच्या कवीनें संस्कृत, मराठी, कानडी व हिंदुस्थानी अशा चार भाषा एका लावणींत गुंफल्या. एवढ्या भिन्न शब्दांना एकत्र बांधणारी वस्तु म्हणजे चाल. जेथें देखावा नाहीं, तेथें त्याचें काम संगीतास करावें लागतें, हें तत्त्व येथें स्पष्ट दिसतें.

इ. स. १८४३ त विष्णुदास भावे यांनीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें. त्यांत पद्यें सूत्रधार गाई व पात्रें आयत्या वेळीं सुचलेलें भाषण करीत. म्हणजे संगीत हें कथेकऱ्याच्या मुखीं होतें. दि. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुणें येथें अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून पदें पात्रांच्याच मुखीं घातलीं. त्यांनीं साकी, दिंडी, कामदा, लावणी व कानडी पदें यांच्या परिचित चाली घेतल्या. चाल ओळखीची असल्यानें श्रोत्याचें चित्त शब्दांकडे लागे, आणि पुस्तकांत पदावर ‘चाल’ एवढा उल्लेख केला म्हणजे नटाचें काम भागे.

पुढें ‘मानापमान’ (१९११) नाटकास गोविंदराव टेंबे यांनीं व ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकास भास्करबुवा बखले यांनीं चाली दिल्या. पद रागविस्तारानें वाढलें, ‘वन्स मोअर’नें आणखी लांबलें. गात्या नटानें पुढें येऊन उभें राहावें व मागें चित्रित पडदा स्थिर असावा, ही मांडणी अशा गायनास अनुकूल होती. शिवाय रस्त्याचा पडदा पुढें सोडून लहानसा प्रवेश चालू ठेवला म्हणजे मागें महाल मांडावयास अवधि मिळे. गुंडाळून नेतां येणारा पडदा फिरत्या मंडळीस सोयीचा होता. इ. स. १८६० त सोलापुरास आगगाडी आली, तेव्हांपासून हा बोजा दूरच्या मुक्कामीं नेणें सुकर झालें.

पडद्याच्या जागीं तीन भिंतींची खोली उभी राहिली, तेव्हां संगीतावरही परिणाम झाला. ललितकलादर्श मंडळीसाठीं चित्रकार पु. श्री. काळे यांनीं असे देखावे सिद्ध केले. १९३३ सालीं ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ केलें; त्यांत स्वाभाविक दिवाणखाना आणि केशवराव भोळे यांच्या संगीताचीं मोजकींच पदें होतीं. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोलींत नटानें अर्धा घटका ताना घेत उभें राहणें विसंगत वाटूं लागलें, हें ओघानेंच आलें. संगीताच्या विस्तारानें पडदा पोसला होता. देखाव्याच्या वास्तवतेनें पदास आवर घातला.

यावरून संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध असा. नाटकाच्या पुस्तकांतील ‘चाल’, राग व ताल यांचे निर्देश हे पदाइतकेच अस्सल पुरावे आहेत. प्रत उतरवितांना ते गाळूं नयेत. समासांतील पेन्सिलीच्या खुणा, पडद्यांच्या याद्या, सामानाच्या वह्या व हस्तपत्रकें रद्दींत जाऊं देऊं नयेत. जुन्या ध्वनिमुद्रिका स्वर राखतात खऱ्या, परंतु त्यांची एक बाजू सुमारें ३ मिनिटांची. रंगभूमीवरील पदाचा विस्तार तींत मावत नाहीं. पडदे विरले, चाली जाणणारे गेले. मूळ गाणें विस्मरणांत गेलें म्हणजे ‘चाल’ हा निर्देशही मुका होतो. म्हणून तो वाचतां येणारीं माणसें आहेत तोंच त्यांच्याकडून मूळ चाली लिहवून घेणें अगत्याचें आहे.