कट्टा नको, परवान्याचा हक्क मागा!

नाशिकच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरावीक दिवसांनी नाव बदलून छापून येते. 'गावठी कट्टा व जिवंत काडतुसांसह तरुण जेरबंद.' कधी सातपूर, कधी अंबड, कधी पंचवटी, कधी नाशिकरोड. पोराचे वय विशीच्या अलीकडे-पलीकडे. बातमी चार ओळींची, पण त्या चार ओळींत पोराच्या वस्तीचे नाव हमखास असते. कट्टा घडवणाऱ्याचे नाव नसते, मधल्या दलालाचे नसते, त्या पोराला वापरून घेणाऱ्या 'भाऊ'चे तर कधीच नसते. बदनाम होते ती वस्ती आणि तिच्या कमानीवर ज्या महापुरुषाचे नाव आहे तो महापुरुष.

सातपूर ही कामगारांची नगरी. साठच्या दशकात इथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि खेड्यातल्या गावकीला, येसकरकीला लाथ मारून आलेल्या आपल्या माणसांनी इथे लेथवर, प्रेसवर, भट्टीवर घाम गाळला. बाप कंपनीत परमनंट होता, पोरगा ठेकेदाराकडे आहे. बापाच्या हातात युनियनचे पुस्तक होते, पोराच्या हातात मोबाईल आहे आणि काहींच्या कमरेला शर्टाखाली दडवलेले आखूड पिस्तूल आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सातपूरच्याच एका बारमध्ये गोळीबार झाला आणि त्या तपासात रिपब्लिकन नावाने काम करणाऱ्या एका गटाच्या स्थानिक पुढाऱ्यालाही अटक झाली. खरे-खोटे न्यायालय ठरवील. पण निळ्या झेंड्याचे नाव आणि गोळीबार एकाच बातमीत आले, याची खंत चळवळीला वाटली पाहिजे. ही चर्चा आपण घरातच, मोकळेपणाने केली पाहिजे.

पोरे कट्टा का घेतात? काही जण निव्वळ मिरवायला घेतात. वाढदिवसाला केक कापताना हातात धरायचा आणि फोटो टाकायचा. काही जण कुणाच्या तरी जागेच्या, वसुलीच्या, निवडणुकीच्या कामासाठी घेतात. या दोघांना चळवळीने काही समजावण्यापेक्षा खडसावलेले बरे. पण तिसरा एक गट आहे, जो म्हणतो, 'आमच्यावर हल्ला झाला तर कोण येणार आहे? खैरलांजीत कोण आले? खर्ड्यात कोण आले?' या प्रश्नाची टिंगल करून चालणार नाही. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाची कत्तल झाली. त्याआधी मारहाणीची तक्रार झालेली होती, साक्षी दिलेल्या होत्या, धोका समोर दिसत होता. २०१४ मध्ये खर्ड्यात शाळकरी पोराला मारून झाडाला टांगले. १ जून २०२३ ला नांदेडजवळ बोंढार हवेलीत भीमजयंती काढली म्हणून तरुणाला भोसकले. ज्या समाजाची ही यादी आहे, त्याच्या पोराला भीती वाटली तर ती भित्रेपणाची नाही, अनुभवाची आहे.

म्हणून प्रश्न एवढाच उरतो की, जुन्या मोटारसायकलच्या पैशात मिळणारा कट्टा या भीतीवर औषध आहे काय?

सातपूरच्या वाचकाला हे समजावणे सोपे आहे, कारण तो फिटर आहे, टर्नर आहे, टूलरूममध्ये काम केलेला आहे. साध्या बुशचा जॉब शंभर मायक्रॉनने चुकला तर इन्स्पेक्शनला रिजेक्ट होतो. ज्या नळीत काडतुसाचा स्फोट व्हायचा, तिचे पोलाद कोणते, हार्डनिंग कुठे झाले, गेज कुणी लावला? कारखान्यात बनलेल्या बंदुकीची नळी जादा दाबाचे काडतूस उडवून तपासतात, मगच तिच्यावर शिक्का बसतो. कट्ट्याची चाचणी कुठे होते? घेणाऱ्याच्या हातात! नळी फाटली तर पंजा गेला. कमरेला खोचलेला असताना सुटला तर मांडी गेली. शत्रूला लागेल की नाही ठाऊक नाही, पण घरातल्या लहान भावाला लागण्याची भीती रोजची.

आणि हा माल येतो कुठून? जळगाव जिल्ह्यातला चोपडा तालुका ओलांडला की मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातले उमर्टी गाव लागते. महाराष्ट्रात पकडलेल्या गावठी पिस्तुलांच्या तपासात हे नाव वारंवार येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. तिथले कारागीर शिकलगर समाजाचे. शीख गुरूंच्या फौजांना आम्ही शस्त्रे घडवून दिली, असे हा समाज अभिमानाने सांगतो. जातीने ज्याला भात्याशी बांधले, तो आजही भात्याशीच बसला आहे. म्हणजे घडवणारा जातीने गरीब, पकडला जाणारा जातीने गरीब आणि मधला पैसा खाणारा मात्र सुखरूप! जातिव्यवस्था चालते ती अशी.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. विनापरवाना साधे अग्निशस्त्र बाळगले तरी कलम २५ खाली किमान २ वर्षे आणि जास्तीत जास्त ५ वर्षे कैद व दंड. बेकायदा बनवले किंवा विकले तर किमान ७ वर्षे ते जन्मठेप. गोळी झाडायची गरज नाही, कमरेला सापडणे पुरे. त्यानंतर तडीपारीची नोटीस, पोलीस भरतीचे दार बंद, चारित्र्य पडताळणीत लाल शेरा, आईच्या डोरल्याचे वकिलाच्या फीत रूपांतर. आणि सर्वांत मोठे नुकसान असे की, उद्या याच वस्तीवर खरोखर अत्याचार झाला, तर फिर्यादीचा शब्द हलका होतो. 'हे तर कट्टेवाले!' एवढे एक वाक्य समोरच्याच्या वकिलाला पुरते. अत्याचारग्रस्ताला आरोपी बनवण्याचे काम मनुवादी व्यवस्था नेहमीच करते. तिला आपण आयता पुरावा का द्यावा?

कुणी म्हणेल, मग आम्ही शस्त्र धरायचेच नाही काय? आम्ही शूरांची औलाद नाही काय? मित्रहो, इतिहास नीट वाचा. चातुर्वर्ण्याने शूद्रातिशूद्रांच्या हातून शस्त्र काढून घेतले, म्हणून या देशात सामाजिक क्रांती होऊ शकली नाही, हे बाबासाहेबांनीच १९३६ मध्ये 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात मांडले. शस्त्रबंदी हे गुलामीचे एक कलम होते, यात शंका नाही. पण ते कलम आपल्या पूर्वजांनी मोडले कसे? १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरती थांबवली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारला अर्ज लिहिला. बाबासाहेबांनी तोच प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आमच्या माणसांनी शस्त्र मागितले ते उजेडात, सही करून, हक्क म्हणून मागितले. शर्टाखाली दडवून नाही.

आणि जेव्हा मार पडत होता तेव्हा? २० मार्च १९२७ ला महाडात परिषदेच्या लोकांवर लाठ्या पडल्या. परिषदेला लष्करात राहून आलेले निवृत्त सैनिक होते, त्यांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि हल्लेखोरांना कोर्टात उभे केले. आपल्याच नाशकात २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालला, दगड खाल्ले, पण दादासाहेब गायकवाडांच्या शिस्तीतली रांग मोडली नाही. ती माणसे दुबळी नव्हती. कोणत्या क्षणी काय हातात घ्यायचे हे त्यांना कळत होते.

आज आपल्या हातात काय आहे? अनेक कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसलेली एक तरतूद आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध नियम १९९५, नियम ३. अत्याचारप्रवण क्षेत्र शासनाने निश्चित करावे, तिथल्या सवर्णांचे शस्त्रपरवाने गरज पडल्यास रद्द करून शस्त्रे जमा करून घ्यावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत आणि जीवित-मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना शस्त्रपरवाने द्यावेत, असे हा नियम सांगतो. किती जिल्ह्यांत किती परवाने रद्द केले आणि आपल्या किती माणसांना दिले, हा प्रश्न आपण शासनाला कधी विचारला?

शस्त्र अधिनियमाचे कलम १४ तर त्याहून स्पष्ट आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, केवळ या कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नाकारलाच तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि कलम १८ प्रमाणे त्यावर अपील आहे. अर्जदाराचे वय किमान २१ हवे, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण हवे, गुन्ह्याचा डाग नको. म्हणजे आज ज्याने कट्टा घेतला, त्याने उद्याचा परवाना स्वतःच्या हाताने फाडला.

अर्थात कायद्याचे दार उघडे असले तरी उंबरठा उंच आहे. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांच्या सुरक्षेसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन अर्धा किलो, किंमत १ लाख २२ हजारांच्या वर! खैरलांजीच्या माउलीला ते परवडले असते काय? सातपूरला ठेकेदारीत पॅकिंग करणाऱ्या आपल्या बहिणीला परवडेल काय? ज्याला पर्समध्ये लाखाचे रिव्हॉल्व्हर ठेवता येते, त्याच्या दाराशी पोलीस आधीच उभे असतात. म्हणून प्रत्येकाने परवाना काढावा, असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या जिवाला खरा धोका आहे, त्या साक्षीदाराने, सरपंचाने, जमिनीसाठी लढणाऱ्या कुटुंबाने तो मागावा आणि चळवळीने त्याच्यामागे उभे राहावे. बाकीच्यांच्या रक्षणाची जबाबदारी शासनाची आहे आणि ती त्याच्याकडून वसूल करायची आहे.

ती वसूल कशी करायची? जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झालीच पाहिजे, असा नियम १७ आहे. ती झाली का, हे लेखी विचारा. नियम ३ खाली काय कारवाई केली, याची माहिती अधिकारात मागणी करा. अत्याचार प्रतिबंध कायद्यात २६ जानेवारी २०१६ पासून आलेल्या कलम १५-अ प्रमाणे पीडित व साक्षीदारांना संरक्षण मिळणे हा हक्क आहे. तो अर्ज विहारात बसून लिहा, लिहिता येत नसेल त्याला लिहून द्या. आणि ज्या पोराच्या मोबाईलवर कट्ट्याचा फोटो दिसेल, त्याच्या घरी पोलिसांच्या आधी आपण जा.

नाशिक पोलिसांनी त्या ऑक्टोबरात आरोपींना कॅमेऱ्यासमोर उभे करून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' म्हणायला लावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण बालेकिल्ला घोषणेने होत नसतो. ज्या जिल्ह्यात साक्षीदाराला संरक्षण मिळते, दक्षता समिती वेळेवर बसते आणि गरिबाच्या परवान्याच्या अर्जाला लेखी उत्तर मिळते, तोच कायद्याचा बालेकिल्ला. तो आपल्याला उभारून घ्यायचा आहे. त्यासाठी कमर मोकळी आणि डोके शाबूत असलेली पोरे हवीत. ती पोरे तुरुंगात घालवणे चळवळीला परवडणारे नाही!