चुंबकातून फुकट वीज निघत नाही

"सर, चुंबक जवळ नेला का वीज तयार होते म्हणते. मंग आमी बिल काहून भरतो?"

बडनेऱ्यात हा प्रश्न मला नव्या वस्तीतल्या चहाच्या टपरीवर, स्टेशनच्या बाकावर आणि शेताच्या धुऱ्यावरही ऐकायला मिळाला आहे. विचारणाऱ्याने मोबाईलवर चुंबकांनी फिरणारं, बल्ब पेटवणारं एखादं खोकं पाहिलेलं असतं. अलीकडे त्याला 'मल्टिफेरॉइक' या शब्दाची जोड मिळाली आहे. विजेचे आणि चुंबकाचे गुण एकमेकांशी बांधणाऱ्या पातळ थरांवर, म्हणजे थिन फिल्मवर, जगभर खरंच संशोधन चालू आहे. पण तेच पुढे करून "आता शास्त्रज्ञही मानतात" असं कोणी म्हणालं की मला राग येतो. कारण थ्री फेज रात्री येते म्हणून टॉर्च घेऊन पंपावर जाणारा माणूस असल्या खोक्यावर कर्ज काढून पैसे घालायला तयार होतो.

तर आधी हे थर काय करतात ते पाहू. त्यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही, गावातली डीपी आणि स्वयंपाकघरातला लायटर पुरे.

डीपीजवळ उभं राहिलं की घुंऽऽ असा आवाज येतो. बडनेरा स्टेशनवर इंजिन थांबलं की त्याच्या पोटातल्या ट्रान्सफॉर्मरचाही येतो. आतल्या लोखंडी पत्र्यांचं चुंबकत्व सेकंदाला ५० वेळा पूर्ण आवर्तन घेतं आणि प्रत्येक आवर्तनात पत्रे दोनदा किंचित ताणले-आखडले जातात. आपल्याला ऐकू येते ती त्यांची सेकंदाला १०० कंपनं. हा ताण मीटरभर पत्र्यात जेमतेम काही मायक्रोमीटरचा असतो. म्हणजे चुंबकत्व बदललं की लोखंडाची लांबी बदलते.

आता गॅसचा लायटर. खटका दाबला की आतली छोटी हातोडी सिरॅमिकच्या तुकड्यावर आदळते, तुकडा दाबला जातो आणि हजारो व्होल्टची ठिणगी पडते. दाब दिला की वीज.

हे दोन पदार्थ एकमेकांना घट्ट चिकटवा. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र बदललं की पहिला ताणला जाईल, चिकटलेल्या दुसऱ्याला ओढेल आणि दुसऱ्यावर व्होल्टेज येईल. मॅग्नेटोइलेक्ट्रिक जोडथराचं तत्त्व इतकंच आहे. १९७२ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेतून ही कल्पना मांडली गेली.

मग यात फुकट काय आलं? लायटरची ठिणगी तुमच्या अंगठ्याच्या जोराची. डीपीची घुंघुं तारेतून आलेल्या विजेची. जोडथरावरचं व्होल्टेज चुंबक हलवणाऱ्या हाताचं. चुंबक नुसता शेजारी ठेवून दिला तर एकदा व्होल्टेज चढेल, थोड्या वेळात आतला विद्युतभार झिरपून जाईल आणि खेळ संपेल. पुन्हा हवं असेल तर चुंबक पुन्हा हलवा, म्हणजे पुन्हा जोर लावा. विहिरीवरची कप्पी ओढायची दिशा बदलून देते, बादलीचं वजन काही ती उचलत नाही.

तरी पटत नसेल तर हिशेब करू. लायटरचा खटका दोन किलोच्या दाबाने एक सेंटिमीटर आत जातो असं धरा. अंगठ्याची मेहनत झाली फार तर ०.२ ज्यूल. मोबाईलच्या ५,००० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीत साधारण ६८,००० ज्यूल मावतात. सगळी मेहनत विजेत उतरली, कुठे काही वाया गेलं नाही असं मानलं, तरी मोबाईल एकदा चार्ज करायला लायटर जवळपास साडेतीन लाख वेळा दाबावा लागेल. हा झाला बोटाएवढा तुकडा. पातळ थराची गोष्ट त्याहून लहान आहे. दर सेंटिमीटर जाडीला, दर ओर्स्टेड (चुंबकीय क्षेत्राचं एक माप) क्षेत्राला एक व्होल्ट असा भरघोस आकडा धरला, तरी २०० नॅनोमीटरच्या थरावर १० ओर्स्टेडच्या बदलाने येणारं व्होल्टेज ०.२ मिलिव्होल्ट होतं. पाच एचपीच्या पंपाला ३,७०० वॅट लागतात. आता कोणी तुलना करू नये.

"मग एवढा खटाटोप कशाला?" हा पुढचा प्रश्न मात्र मला आवडतो. कारण खरी किंमत उलट्या दिशेला आहे: व्होल्टेज लावून चुंबकत्व वळवणं. ते तर इलेक्ट्रोमॅग्नेटही करतो, असं कोणी म्हणेल. करतो, पण तारेतून प्रवाह वाहता ठेवून, आणि प्रवाह म्हणजे उष्णता. संगणकात चुंबकीय खुणांनी माहिती लिहितानाही प्रवाहच खर्ची पडतो. थराला नुसतं व्होल्टेज देऊन खूण उलटता आली तर तो खर्च खूप कमी होईल. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या प्रयोगात बिस्मथ फेराइटच्या थरावर बसवलेल्या कोबाल्ट-लोखंडाच्या थराचं चुंबकत्व, नेहमीच्या खोलीच्या तापमानाला, विद्युतक्षेत्राने उलटवून दाखवलं गेलं. वीज वाचवण्याचं हे काम आहे, तयार करण्याचं नाही.

बिस्मथ फेराइटबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. विजेचे आणि चुंबकाचे असे दोन्ही गुण एकाच पदार्थात सहसा नांदत नाहीत. निकोला स्पाल्डिन यांनी २००० मध्ये त्याचं कारण नीट मांडलं: नेहमीच्या फेरोइलेक्ट्रिकमध्ये, म्हणजे स्वतःची विद्युत ध्रुवता बाळगणाऱ्या पदार्थात, जो अणू जागचा सरकतो त्याची 'डी' ही इलेक्ट्रॉनची कक्षा रिकामी असते, तर चुंबकत्वाला ती अर्धवट भरलेली लागते. बिस्मथ फेराइटमध्ये कामं वाटून घेतली आहेत. बिस्मथ विजेची बाजू सांभाळतो, लोखंड चुंबकाची. १४ मार्च २००३ च्या 'सायन्स'मध्ये राममूर्ती रमेश यांच्या गटाने त्याच्या पातळ थरांवर लेख प्रसिद्ध केला आणि हे क्षेत्र एकदम जागं झालं. "यात आपलं कोणी नाही" म्हणणाऱ्यांनी त्या लेखाची लेखकयादी वाचावी. त्यात पुणे विद्यापीठातून पुढे आलेले सतीशचंद्र ओगले आहेत आणि आयआयटी मुंबईत शिकलेले उमेश वाघमारेही आहेत.

अभिमान बाळगताना पुढचंही सांगितलं पाहिजे. त्या लेखात थराचं चुंबकत्व बरंच वाढल्याचा दावा होता. २००५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी त्याच नियतकालिकात त्यावर आक्षेप घेतला. त्यांच्या थरांत तेवढं चुंबकत्व आढळलं नाही. थराची विद्युत ध्रुवता मोठी असल्याचा निष्कर्ष टिकला. त्यामुळे "बिस्मथ फेराइट हा जोरदार चुंबक आहे" असं कुठे वाचलंत तर ते खोडा. तो प्रतिलोहचुंबकीय आहे: शेजारच्या अणूंची चुंबकत्वं उलटसुलट असल्याने बाहेर जवळजवळ काही उरत नाही.

बाकीचे गैरसमज छोटे आहेत. 'फेरो' आलं म्हणजे लोखंड असलंच पाहिजे असं नाही. बेरियम टायटनेट उत्तम फेरोइलेक्ट्रिक आहे आणि त्यात लोखंडाचा कणही नाही. थिन फिल्म म्हणजे प्लास्टिकचा कागद नव्हे. २०० नॅनोमीटरचे चारशे थर एकावर एक रचले तर कुठे एका केसाएवढी जाडी होते, आणि तो थर नेमक्या निवडलेल्या स्फटिकावर अणूंच्या ओळी जुळवत वाढवावा लागतो. असल्या सगळ्या पदार्थांत विषारी शिसं असतं हेही खरं नाही. बिस्मथ फेराइटमध्ये ते नसतं.

"हे फक्त कडाक्याच्या थंडीत चालतं" हा समज मात्र अर्धा खरा आहे. मॅग्नेटोइलेक्ट्रिक परिणाम ज्यात सर्वात आधी, १९६० च्या सुमारास, मोजला गेला त्या क्रोमियम ऑक्साइडची चुंबकीय मांडणी साधारण ३४ अंश सेल्सिअसला मोडते. म्हणजे वऱ्हाडातल्या मे महिन्याच्या दुपारी तो उघड्यावर निकामी ठरेल. बिस्मथ फेराइटची मांडणी सुमारे ३७० अंशांपर्यंत टिकते, त्याला आपल्या उन्हाचं काही वाटत नाही.

आता खोकं विकणाऱ्याबद्दल. तो दारात आला तर मल्टिफेरॉइकवर वाद घालत बसू नका. खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा, आतली बॅटरी काढायला लावा, भिंतीतला प्लग उपसा आणि त्याच्यावर शंभर वॅटचा एक बल्ब आठ दिवस सलग तुमच्या घरात जळू द्या. तोवर एक रुपयाही देऊ नका.