सीट शेजारची, भाडं वेगळं

घनसावंगीहून अंबडला निघालेल्या एसटीत कुणाचं भाडं किती, हे कंडक्टरला विचारावं लागत नाही. सहा किलोमीटरचा एक टप्पा आणि जितके टप्पे तितकं भाडं. सवलती आहेत, महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास; पण त्याही सगळ्यांना ठाऊक असलेल्या. विमानात मात्र शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाने 4,000 मोजलेले असतात, दुसऱ्याने 9,000, आणि तरी दोघांपैकी कुणालाच कुणी फसवलेलं नसतं. आपले बरेचसे गैरसमज एसटीचा हिशेब विमानाला लावल्यामुळे होतात.

सगळ्यात पसरलेला समज असा: मोबाइलवर तेच तिकीट दोन-तीनदा शोधलं की कंपनीला आपली गरज कळते आणि ती भाव चढवते. म्हणून मग कुणी दुसऱ्याच्या फोनवर बघतो, कुणी ब्राउझरची खासगी खिडकी उघडतो. खरी गोष्ट वेगळी आहे. कंपनी एकाच विमानातल्या सीट वेगवेगळ्या भावांच्या गटांत वाटून ठेवते. खालच्या भावाच्या मोजक्या सीट संपल्या की पुढचा गट सुरू होतो. विक्री मंदावली तर बंद केलेला खालचा गट पुन्हा उघडतातही. शिवाय भावांची तुलना करणाऱ्या अनेक अॅपवर थोडा आधीचा साठवलेला भाव दिसतो आणि बोट ठेवल्यावर ताजा भाव येतो. आपल्याला वाटतं, आपण बघितलं म्हणून वाढला.

हे गट समजले की कुटुंबाचे पैसे वाचवायची एक खरी युक्ती हाती येते. समजा, 4,200 च्या दोनच सीट उरल्यात आणि पुढचा भाव 5,100 आहे. तुम्ही एकदम चार जणांचा शोध घेतलात, तर चौघांना एकाच गटातून तिकीट द्यायचं म्हणून बहुतेक ठिकाणी चारही सीट 5,100 ने दिसतात, बिल 20,400. तेच आधी दोघांचं आणि मग दोघांचं काढलं तर 18,600. म्हणून चौघांचं तिकीट काढण्याआधी एकदा फक्त एका प्रवाशाचा भाव बघावा. फरक दिसला तर तुकडे करावेत, नाही दिसला तर एकत्रच काढावं. एक काळजी मात्र घ्यायची. लहान मूल असेल तर ते आई किंवा वडिलांच्याच पीएनआरवर, म्हणजे त्याच बुकिंग क्रमांकावर हवं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या किमान एका पालकाशेजारी सीट द्यावी, असं विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने एप्रिल 2024 मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. वेगळ्या पीएनआरवरच्या मुलासाठी तो आधार उरत नाही.

“मंगळवारी रात्री बारानंतर तिकीट काढायचं, स्वस्त मिळतं.” याला आता काही आधार नाही, भाव दिवसभर हलत असतात. फरक पडतो तो तिकीट कधी काढलं यापेक्षा प्रवास कधी करणार यामुळे. दिवाळीच्या आधीचा शुक्रवार आणि आडवारची दुपार यांची तुलनाच होत नाही. तसंच, “शेवटच्या दिवशी रिकाम्या सीट मातीमोल भावात काढून टाकतात” हेही आपल्याकडे खपून गेलेलं वाक्य आहे. ऐनवेळी तिकीट काढणारा माणूस बहुधा कचेरीच्या कामाला किंवा कुणाच्या आजारपणाला निघालेला असतो, तो भाव करत बसत नाही, आणि हे कंपनीला नीट ठाऊक असतं.

मग सरकार काय करतं? 1994 मध्ये हवाई वाहतूक खासगी कंपन्यांना खुली झाली. भाडं ठरवायचा अधिकार कंपन्यांकडेच आहे. सरकारने मर्यादा घातल्या त्या अडचणीच्या काळात: कोविडमध्ये मे 2020 ते ऑगस्ट 2022, आणि डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली तेव्हा काही काळ. सरकारच्या स्वस्त विमानप्रवासाच्या ‘उडान’ योजनेचे 2,500 रुपयेही अनेकांच्या डोक्यात बसलेत. 27 एप्रिल 2017 रोजी त्या योजनेतलं नांदेड–हैदराबाद विमान सुरू झालं, म्हणून मराठवाड्याला तो आकडा जवळचा. पण तो भाव साधारण तासाभराच्या उड्डाणाचा, ठराविक मार्गांवरचा आणि विमानातल्या काही सीटपुरताच होता. सरसकट सगळ्या सीट त्या भावात कधीच नव्हत्या.

आता दिल्लीचं बघू. मराठवाड्यातली मुलं स्पर्धा परीक्षांसाठी तिकडे जातात, त्यामुळे पालकांच्याही फेऱ्या होतात. “मुंबईहून विमान स्वस्त पडतं” हे अर्धं खरं आहे. तिथून उड्डाणं जास्त, म्हणून तिकीट कमी दिसतं. पण तिथवर पोचायला सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर जायचं, रात्रीची बस किंवा रेल्वे धरायची, पहाटे टॅक्सी करायची आणि बाहेरच जेवायचं. त्यात 1,500 ची बचत कधी संपली ते कळत नाही. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ जालना रोडवरच आहे, जालन्याकडून येताना शहरात शिरण्याआधीच लागतो, आणि तिथून दिल्लीला थेट विमान मिळतं. भाडं 1,000-1,200 ने जास्त असलं तरी मी तेच घेईन. मुंबईहूनच जायचं ठरलं तर एक गोष्ट तपासून घ्यावी: डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं उडतात. तिकिटावर बीओएम असेल तर अंधेरीजवळचा जुना विमानतळ आणि एनएमआय असेल तर पनवेलकडचा. दोन्हींमधलं अंतर गाडीने तासाच्या वर.

घाई नसेल तर जालन्याहून सचखंड एक्सप्रेस आहेच. दिल्लीला पोचायला साधारण एक दिवस लागतो. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही.

तिकीट एजंटकडून काढण्यात गैर काही नाही. त्याची फी आणि अॅपची कन्व्हीनियन्स फी कधीकधी सारखीच असते. पण तिकिटावर मोबाइल नंबर स्वतःचा टाकायला लावा. विमान उशिरा आहे किंवा रद्द झालं हा मेसेज एजंटला जातो आणि आपण चिकलठाण्याच्या दारात उभे असतो, असं होऊ शकतं. “नॉन-रिफंडेबल म्हणजे सगळे पैसे गेले” हेही खरं नाही. सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागता येतं, ते मागावंच. बुकिंगनंतर ठरावीक तासांत, उड्डाण अगदी जवळ नसेल तर, दंडाशिवाय रद्द करायची सोयही नियमात आहे.

दिल्लीतला सगळ्यात महागडा गैरसमज वाराचा. शनिवारी-रविवारी नातलगांकडे जाऊ आणि सोमवारी दिल्ली पाहू, असा बेत खूप जण करतात. पण लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, लोटस टेंपल आणि अक्षरधाम सोमवारी बंद असतात. आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी. म्हणजे सुटी कोणत्या वारी घ्यायची ते आधी ठरवायचं आणि मग विमान शोधायचं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवर धुकं असतं, पहाटेची विमानं तासन्‌तास अडकतात. त्या दिवसांत दुपारचं विमान शंभर-दोनशे महाग असलं तरी परवडतं.

राहण्याबाबतही तसंच. विमानतळाजवळचं हॉटेल सोयीचं वाटतं, पण पाहायची ठिकाणं तिथून दूर. टर्मिनल 3 वरून एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला पोचते, त्याच्या पलीकडे पहाडगंज. टर्मिनल 1 वर उतरलात तर मॅजेंटा लाइन. परतीला कोणतं टर्मिनल आहे ते तिकिटावर बघून ठेवा. महाराष्ट्र सदनात खोली मिळेल या भरवशावर तिकीट काढू नये. तिथे लोकप्रतिनिधी आणि अधिकाऱ्यांना प्राधान्य असतं.

उरल्या बारीक गोष्टी. देशात फिरायला पासपोर्ट लागत नाही, आधार पुरतं, पण तिकिटावरचं नाव आधारवर आहे तसंच हवं. सीट निवडायला लावणारी पैशांची पायरी सक्तीची नसते, ‘स्किप’ शोधा. लेकराला द्यायला घेतलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेत भरू नका, तेलकट खोबरं पेट घेतं म्हणून त्या काढून ठेवायला लावतात. आणि पॉवर बँकही मोठ्या बॅगेत नाही, हातातल्या पिशवीत.