सूर्यावरचं वादळ आणि आपला मोबाईल

तायांनो, मध्यंतरी गटांच्या बैठकीत एक मेसेज फिरत होता. रात्री साडेबारा ते साडेतीन सूर्याचे किरण येणार, मोबाईल बंद करून लांब ठेवा, नाहीतर जिवाला धोका. दोन-तीन ठिकाणी मला हाच प्रश्न आला, म्हणून लिहितेय. तो मेसेज खोटा आहे. सूर्यावरचं वादळ मात्र खरं असतं.

सूर्यावर कधीकधी मोठा भडका होतो आणि विजेचे कण भरलेला ढग बाहेर फेकला जातो. तो एक ते तीन दिवसांत पृथ्वीपर्यंत येऊ शकतो. पृथ्वी म्हणजे एक मोठं चुंबकच. ढग आदळला की हे चुंबक हलतं, आणि मैलोन्‌मैल लांब तारांमध्ये आपोआप करंट तयार होतो. उन्हाचा चटका यामुळे वाढत नाही, मालेगावचा मे महिना तसाही तापतोच! शेतातल्या सोलर पंपाशीही याचा संबंध नाही, नाव तेवढं सारखं.

नोंदलेल्या वादळांमधलं सगळ्यात मोठ्यांपैकी एक २ सप्टेंबर १८५९ चं. तेव्हा युरोप-अमेरिकेत तारायंत्रातून ठिणग्या उडाल्या. काही ठिकाणी बॅटरी काढून ठेवली तरी तार जात होती! आणि पृथ्वीचं चुंबक त्या दिवशी किती हललं, याची मोलाची नोंद कुठे झाली? आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत. तिथली माणसं डोळ्यांनी आकडे बघून वहीत लिहायची, वादळ आल्यावर तर थोड्या-थोड्या मिनिटांनी. त्या नोंदी जगभरचे शास्त्रज्ञ आजही वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांचा अडथळा होईल, म्हणून १९०४ पासून हे काम अलिबागला सुरू झालं. तिथे ते आजही चालू आहे.

तेव्हा फक्त तारायंत्र होतं. आता वीज आहे, उपग्रह आहेत. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्युबेक प्रांतात दोन मिनिटांच्या आत सगळीकडची लाईट गेली. साधारण ६० लाख लोक ९ तास अंधारात. आपल्याकडे लाईट जायला सूर्य लागत नाही, ते सोडा! पण आपण ध्रुवापासून लांब आहोत, त्यामुळे विजेच्या तारांना तिकडच्यापेक्षा धोका कमी. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन मक्याच्या पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले, कारण उपग्रहाचा सिग्नलच चुकत होता. त्याच वेळी लडाखमध्ये हानले इथे आकाश लाल दिसलं.

हातातल्या मोबाईलला काही होत नाही, कारण त्यात लांब तार नाही. आपल्या अंगालाही नाही, वातावरण आपल्याला झाकून ठेवतं. अडचण येऊ शकते ती फोनमागच्या यंत्रणेला: वीज, जीपीएस, उपग्रह. इस्रोचं आदित्य एल-१ यान १५ लाख किलोमीटरवरून सूर्याकडे बघत असतं. ढग त्याच्याजवळून गेला की आपल्यापर्यंत यायला पाऊण तास, कधी त्याहून कमी वेळ लागतो.

मग गटाने काय करायचं? वेगळं काही नाही. बचत, कर्ज, परतफेड ॲपवर भरली तरी रजिस्टरमध्ये त्याच बैठकीत लिहायची आणि सह्या घ्यायच्या. बँक सखीकडे अंगठा दिला, खात्यातून पैसे कापले गेले पण हातात आले नाहीत, तर लगेच दुसऱ्यांदा अंगठा देऊ नका. पावती मागा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि बँकेत तक्रार नोंदवा. नेटवर्क कशानेही गेलं तरी हेच करायचं. आणि तो साडेबाराचा मेसेज पुन्हा आला, तर पुढे पाठवू नका.