कालिदासाच्या गर्दीत हरवलेली राजधानी

आषाढाचा पहिला दिवस आला की नागपूरच्या वर्तमानपत्रांत रामटेकचा गड, ढग आणि विरही यक्ष हमखास हजेरी लावतात. मेघदूतातला रामगिरी तो हाच, हे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी इतक्या ठामपणे मांडले की छत्तीसगडमधल्या सरगुज्याचा रामगढही तोच दावा करतो, हे इकडे कुणी मनावर घेत नाही. असो. कालिदास इथे येऊन गेला असेल किंवा नसेलही. गडाच्या पायथ्याशी एक राजधानी मात्र नक्की होती आणि तिथून एक बाई राज्य चालवत होती.

ती राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन. रामटेकच्या दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर. नागपुरात जरीपटक्याहून निघून इंदोरा चौकातून कामठी रोड धरला की कन्हान ओलांडून मनसरपर्यंत जो जबलपूरचा रस्ता जातो, त्याच अंगाने उत्तरेतली माणसे आणि माल दक्षिणेत उतरत. मागे सातपुड्याच्या टेकड्या, पुढे धानाचे सपाट शिवार, जवळून सूर नदी. राजधानीला आणखी काय हवे?

वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन अकाली गेला, मुलगे लहान होते. कारभार राणी प्रभावतीगुप्ताच्या हाती आला. ती चंद्रगुप्त विक्रमादित्याची मुलगी. नंदिवर्धनहून दिलेला तिचा एक ताम्रपट पुण्यात सापडला. त्यात दंगुण नावाचे गाव आचार्य चनालस्वामींना दान दिले आहे. तिथी कार्तिक शुद्ध द्वादशी. दान साधेच, पण मायना बघण्यासारखा आहे. वंशावळ सुरू होते ती माहेरच्या गुप्तांपासून. गोत्रही वडिलांचेच, धारण. सासरचे विष्णुवृद्ध गोत्र तिने लावलेच नाही. मुद्रेवर मात्र ती युवराज दिवाकरसेनाची आई आहे. सत्ता मुलाच्या नावाने चालवायची आणि ओळख बापाची सांगायची, हा तोल तिने फार हुशारीने सांभाळलेला दिसतो. मागे पाटलीपुत्राचे बळ होते, हेही खरेच. पुढे 414 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये पुल्केरियाने धाकट्या सम्राट भावाच्या नावाने असाच कारभार हाती घेतला. तिच्यावर जगभर ग्रंथ आहेत. आपल्या राणीच्या वाट्याला शालेय पुस्तकातली ओळ-दीड ओळ येते.

नगरधनला 2015 ते 2018 या काळात पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्याचे पुरातत्त्व खाते यांनी मिळून उत्खनन केले. त्यात भाजलेल्या मातीची भांडी, बांगड्या, कानातली, पाळीव जनावरांची हाडे असा भरल्या घरांचा ऐवज निघाला. आणि निघाले मातीचे एक लंबगोल मुद्रांकन: लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, वजन सहा ग्रॅमच्या थोडे वर. ब्राह्मी अक्षरांत राणीचे नाव आणि सोबत शंख. शंख ही तिच्या विष्णुभक्तीची खूण. नंदिवर्धन म्हणजे नगरधन हे अभ्यासक आधीपासून सांगत होते. इथे खुद्द राणीच्या नावाचा पुरावा जमिनीतून वर आला.

तिचाच आणखी एक मुलगा, दुसरा प्रवरसेन, याने पुढे राजधानी प्रवरपुरला हलवली. ते मिराशींच्या मते वर्ध्याजवळचे पवनार. मनसरचे उत्खनक मनसरकडे बोट दाखवतात. वाद मिटलेला नाही. याच प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातले काव्य आहे. मराठीच्या अभिजात दर्जाचा जल्लोष करताना त्याची आठवण व्हायला हवी होती. कार्यक्रमपत्रिकांत मात्र पुन्हा संस्कृत कालिदासच पुढे.

नगरधनला आज जो किल्ला दिसतो तो भोसलेकालीन. वाकाटकांचे गाव शिवाराखाली आणि घरांखाली आहे, त्यामुळे फोटो काढण्याजोगे तिथे फारसे काही नाही. पर्यटन खात्याचा उत्साह बहुधा तिथेच मावळतो. तरी यंदा गडावर जाऊन मेघ पाहून झाले की घाईने नागपूरचा रस्ता धरू नका. सात किलोमीटर वाट वाकडी करा आणि नगरधनला जाऊन या.